चोर्ल्यात नकाशा कोरा का होतो, आणि गाडीला जीपीएस कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे निपाणीचे आहेत आणि बियाणं-खतांच्या कंपनीत फिरतीवर असतात. गाडी 350 सीसीची. कामाचा पट्टा निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर, जांबोटी. सुट्टी मिळाली की चोर्ला घाटानं गोवा. मागच्या पावसाळ्यात कणकुंबी ओलांडल्यावर फोनवरचा नकाशा पांढरा पडला, निळा बाण तेवढा सरकत राहिला आणि थोड्या वेळानं फोनही बंद झाला. ते विचारतात, "फोनचा नाद सोडून सॅटेलाइटवालं वेगळं यंत्र घेऊ का? पंधरा हजारांपर्यंत तयारी आहे. आणि ते गाडीला कुठं, कसं बसवायचं? बॅटरी उतरणार नाही ना?"

मी बेळगावात दुचाकींच्या वायरिंगचं काम करतो. असे चार्जर, होल्डर, जादा दिवे बसवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या पट्ट्यात स्वतः गाडीही चालवतो. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्हीच लिहिली आहे: नकाशा कोरा झाला, पण बाण सरकत राहिला. म्हणजे जीपीएस बंद पडलाच नव्हता. तो उपग्रह पकडून बसला होता. बंद पडलं होतं ते मोबाइलचं नेटवर्क, आणि त्यावरून येणारं नकाशाचं चित्र.

हा घोळ आधी सोडवू, कारण पैसे कुठं घालायचे ते यावरच ठरतं. तुमच्या फोनमध्ये उपग्रहांचा रिसीव्हर असतोच. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवरून सतत संदेश पाठवत असतात आणि फोन ते नुसते ऐकतो. चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा आणि उंची दोन्ही कळतात. यासाठी सिम लागत नाही, रेंज लागत नाही, रिचार्जही लागत नाही. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची चूक पाचेक मीटरच्या आसपास राहते. वेगळं यंत्र घेतलं तरी तेही हेच उपग्रह ऐकणार. म्हणून "सॅटेलाइटवालं" घेतल्यानं कणकुंबीच्या पुढं जादू होईल असं समजू नका. फरक पडेल तो एवढाच, की त्या यंत्रात नकाशा आधीपासून भरलेला असतो. तो फोनमध्येही भरता येतो.

नेटवर्क नसल्याचा परिणाम एका ठिकाणी मात्र होतो. फोन चालू केल्यावर कोणता उपग्रह कुठं आहे ही माहिती तो एरवी इंटरनेटवरून पटकन उचलतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रहाचा माहिती पाठवायचा वेग सेकंदाला अवघे 50 बिट. एका उपग्रहाची कामापुरती माहिती उतरायला 30 सेकंद लागतात, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं. त्यात मध्ये झाडं, डोंगर आडवे आले की सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जांबोटीच्या चौकात चहा घेतानाच, उघड्यावर, नेव्हिगेशन सुरू करून बाण स्थिर होऊ द्यावा. गर्द झाडीत शिरल्यावर सुरू केलं तर तो बराच वेळ भरकटतो. घाटात कड्याला लागून जाताना संदेश दगडावर आपटून येतो आणि बाण वरच्या वळणावर उडी मारतो. थोडं पुढं मोकळं आलं की तो आपोआप जागेवर येतो. तेवढ्यासाठी यंत्र बदलू नये.

आता नकाशा. गूगल मॅप्समध्ये भाग निवडून ऑफलाइन उतरवता येतो, हे बहुतेकांना माहीत असतं पण करत कोणी नाही. घरच्या वायफायवर निपाणीपासून पणजीपर्यंत आणि सावंतवाडीपासून दांडेलीपर्यंतचा चौकोन उतरवून ठेवा. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता तो दाखवतो, पण वाहतुकीची गर्दी किंवा बंद रस्ता त्याला कळत नाही. शिवाय हे नकाशे ठरावीक मुदतीनं शिळे होतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री एकदा उघडून बघा.

दुसरा मार्ग ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर, चालणाऱ्या ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड या अ‍ॅपांचा. मला स्वतःला जंगलाच्या बाजूला हे जास्त आवडतात, कारण नकाशा अख्खा फोनमध्ये राहतो आणि मुदत संपून गायब होत नाही. पण आपल्या भागासाठी यात एक गंमत आहे. हे नकाशे राज्यवार उतरवावे लागतात. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाची सोडलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. चोर्ल्यात तर तिन्ही राज्यं एकमेकांना टेकलेली आहेत. फक्त कर्नाटक उतरवून निघालात तर शिनोळीच्या पुढं पुन्हा तोच कोरा पडदा दिसेल, आणि सीमेपलीकडचा रस्ताही अ‍ॅप काढून देणार नाही. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, तिन्ही उतरवा. आपल्याकडं माणसं रोज भाजीला सीमा ओलांडतात, अ‍ॅपला त्याचं काही सोयरसुतक नाही.

गावांच्या नावांचंही बघा. नुसतं 'खानापूर' टाकलंत तर सांगली जिल्ह्यातलं, विट्याजवळचं खानापूर यादीत वर येऊ शकतं. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द नकाशावर बीके आणि केएच अशा दोन अक्षरांनी वेगळे केलेले असतात आणि घाईत ती अक्षरं वाचायची राहतात. बेळगाव, बेळगावी, निपाणी, निप्पाणी अशी एकेका नावाची दोन-तीन स्पेलिंगं आहेतच. तुमचं काम ठरलेल्या दुकानांचं आणि शेतांचं आहे, म्हणून सल्ला असा की एकदा प्रत्यक्ष पोचलात की तिथं उभं राहून पिन जपून ठेवा. अक्षांश-रेखांश वहीत लिहून ठेवत असाल तर दशांशानंतर चार आकडे लिहा. चौथा आकडा साधारण अकरा मीटरचा असतो, दुकान सापडायला तेवढं पुरतं.

रस्ता कोण निवडतं हा मुद्दा मात्र मी यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा मानतो. 2024 च्या डिसेंबरात बिहारहून गोव्याला निघालेलं एक कुटुंब नकाशाच्या भरवशावर मुख्य रस्ता सोडून आपल्या खानापूर तालुक्यातल्या हेम्माडग्याच्या जंगलात शिरलं होतं. रेंज नाही, रात्र गाडीत काढली, सकाळी काही किलोमीटर चालत गेल्यावर फोन लागला आणि 112 वर कळवल्यावर पोलिसांनी बाहेर काढलं. ही बातमी त्या वेळी सगळ्यांनी वाचली. त्या गाडीला आपण कुठं आहोत हे बहुधा नीट कळत असणार. चूक जागेची नव्हती, रस्त्याची होती. भीमगड अभयारण्याच्या आतल्या आणि कडेच्या वाटा, गवाळी, तळेवाडी, आमगावकडं जाणाऱ्या, नकाशावर रेष म्हणून डांबरी रस्त्यासारख्याच दिसतात. मध्ये वनखात्याचं गेट आहे की नाही, पावसाळ्यात नाला उतरता येतो की नाही, हे त्या रेषेत लिहिलेलं नसतं. लाख रुपयांचं यंत्र घेतलंत तरी ते हीच रेष दाखवणार.

म्हणून गोव्याला जाताना मुक्कामाचं नाव एकट्यानं टाकू नका. चोर्ल्यानं जायचं तर जांबोटी आणि कणकुंबी हे मधले थांबे म्हणून घाला. अनमोडनं जायचं तर खानापूर, रामनगर, मोले. अंधार पडल्यावर यंत्र मुख्य रस्ता सोडायला सांगू लागलं तर त्याचं ऐकायचं नाही, मग ते वीस मिनिटं वाचवतो म्हणो की चाळीस. पावसाळ्यात चौकातल्या टपरीवर एकदा विचारून घ्यावं. "पाणी आलंय ओ पुलावर, जाऊ नका," हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलं आहे, आणि नकाशा त्याच वेळी तोच पूल निवांत दाखवत असतो.

आता यंत्राकडं. तुमच्यासमोर खरे चार पर्याय आहेत.

पहिला, खास मोटरसायकलसाठी बनवलेला जीपीएस, म्हणजे गार्मिनचा झूमो वगैरे. यंत्र म्हणून हे सगळ्यात चांगलं. उन्हात पडदा स्वच्छ दिसतो, हातमोजे घालून चालतं, पाऊस झेलतं. झूमो एक्सटीला आयपीएक्स 7 दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडलं तरी चालावं अशी चाचणी. पण ते तुमच्या बजेटच्या बरंच वर जातं, आणि खेड्यापाड्यांतली दुकानं, वाड्या शोधताना फोन त्याच्यापेक्षा हुशार ठरतो. वर्षातून एखादी लडाख किंवा स्पितीची वारी करणाऱ्यानं घ्यावं. निपाणी-जांबोटी फिरतीसाठी मी कोणाला घ्यायला लावत नाही.

दुसरा, हल्ली बाजारात आलेले पाच-सहा इंची कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोचे पडदे. दुकानदार यांना सर्रास जीपीएस म्हणून विकतात. प्रत्यक्षात तो फक्त पडदा असतो, नकाशा आणि बहुतेक वेळा जागासुद्धा खिशातल्या फोनकडून घेतो. फोन कोरडा राहतो हा फायदा खरा आहे. पण खिशातला फोन दिवसभर गरम होत राहतो, चार्ज संपतो, आणि फोन संपला की पडदाही संपला. गाडीसोबत कंपनीकडून येणारं रॉयल एनफिल्डचं ट्रिपर हेही याच जातीचं: फोनच्या अ‍ॅपवर चालतं, फोन मेला की तेही मुकं. फुकटात आलं असेल तर वापरा.

तिसरा, आहे तोच रोजचा फोन हँडलवर लावणं. सगळे हेच करतात, आणि माझ्याकडं तक्रारीही याच्याच येतात. एक म्हणजे कॅमेरा. सिंगल सिलिंडर गाडीचा थरथराट हँडलमधून थेट फोनमध्ये जातो. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात हलणारी भिंग असते, म्हणजे ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, ती कायमची बिघडते आणि फोटो थरथरते येतात. अ‍ॅपलनं 2021 साली आयफोनबद्दल तशी उघड सूचनाच काढली होती: मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या हँडलला फोन लावू नका, आणि छोट्या स्कूटर-मोपेडला लावायचा तर थरथर शोषणारा होल्डर वापरा. दुसरं ऊन. आयफोन वापरायचा तर भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असावं असं कंपनीच सांगते. एप्रिलमध्ये गोकाक, रायबाग, अथणीकडं दुपारी सावलीतच त्यापेक्षा जास्त असतं. उन्हात, वरून प्लास्टिकच्या पिशवीत, खालून चार्जिंग चालू, असा फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद पडतो. तिसरं पाणी, त्याकडं पुढं येतो.

चौथा पर्याय मी तुम्हाला सुचवणार आहे: घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन. सिम काढून टाका, अनावश्यक अ‍ॅप काढा, तिन्ही राज्यांचे नकाशे भरा आणि तो कायमचा गाडीचा नेव्हिगेटर करा. कॅमेरा बिघडला तर बिघडू द्या. पडून फुटला तर हळहळ कमी. रोजचा फोन खिशात कोरडा आणि चार्ज असलेला राहतो, आणि अडचणीत 112 ला लावायला तोच उपयोगी पडतो. घेण्याआधी एक परीक्षा करा. जुना फोन विमान मोडवर टाकून उघड्या मैदानात न्या आणि नकाशावर बाण येतो का बघा. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं द्या. आला आणि चालताना तुमच्यासोबत नीट सरकला तर रिसीव्हर ठणठणीत आहे. बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण उचललं असेल, तर मात्र तो फोन गाडीवर लावायचा नाही. उन्हात तो धोक्याचा.

मध्येच एक इशारा, कारण गोव्याकडून ये-जा करणारे मित्र हमखास सुचवतात. गार्मिन इनरीचसारखी यंत्रं, जी उपग्रहावरून संदेशही पाठवतात, ती बाहेरून आणून वापरायच्या भानगडीत पडू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असं संदेशयंत्र बाळगणं गुन्हा आहे, आणि ते जवळ सापडल्यामुळं परदेशी प्रवासी गोव्याच्या विमानतळावर अडकल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. नुसता ऐकणारा जीपीएस बाळगायला काहीच हरकत नाही. बोलणारं यंत्र नको.

बसवण्याच्या जागेबद्दल. यंत्र मीटरच्या वर किंवा शेजारी, नजर रस्त्यावरून फार खाली न नेता दिसेल असं हवं. टाकीच्या बॅगेतला पडदा दिसायला छान दिसतो, पण तो बघायला मान खाली घालावी लागते, आणि तेवढ्यात खानापूर रस्त्यावरचा खड्डा येतो. साधारण भारतीय गाड्यांचं हँडल 22 मिलिमीटर जाडीचं असतं, काही मोठ्या गाड्यांचं मधल्या भागात 28.6. क्लॅम्प घेण्याआधी मोजून घ्या. आत रबराची पट्टी नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, पण तीन-तीन घड्या घालून क्लॅम्प मोठ्याचा लहान करू नका, तो फिरत राहतो. आरशाच्या बोल्टवर बसणारे होल्डर सोपे वाटतात. मी टाळतो. आरशाची दांडी आधीच थरथरते, वरून वजन टाकल्यावर आरसाही बघण्याच्या लायकीचा राहत नाही. तरी लावायचाच असेल आणि गाडी यामाहा असेल, तर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. नेहमीच्या दिशेनं जोर लावून आटे मारून घेतलेल्या गाड्या माझ्याकडं येतात.

होल्डर बसवला की गाडी मेन स्टँडवर घ्या आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. होल्डर टाकीला किंवा काचेला लागता कामा नये. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकची नळी त्याखाली दबता कामा नये. मीटरवरचे ऑइल आणि इंजिनाचे दिवे झाकले जाऊ नयेत. चार बोटांचा, रबरी जाळीवाला होल्डर असो की पाव फेरीत बसणारा लॉकचा, खाली थरथर शोषणारा तुकडा वेगळा मिळतो तो घ्याच. जुन्या फोनलासुद्धा, कारण कॅमेऱ्याची फिकीर नसली तरी चार्जिंगचं सॉकेट असतं आणि तेही हादऱ्यांनी ढिलं होतं. शिवाय एक बारीक दोरी फोनच्या कव्हरमधून हँडलला. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा.

आता माझा विषय, वायरिंग. आणि इथं मी जरा जास्त लिहिणार, कारण यंत्र कुठलंही असो, घोटाळा बहुतेक इथंच होतो.

तुमची भीती होती बॅटरी उतरण्याची. हिशोब बघा. फोनला 5 व्होल्टवर 2 अँपिअर म्हणजे 10 वॅट लागतात. गाडीच्या 12 व्होल्टवर ते, थोडं नुकसान धरून, साधारण 1 अँपिअर होतं. इंजिन चालू असताना हे ओझं 350 सीसीच्या गाडीला जाणवतही नाही. बॅटरी उतरते ती गाडी बंद असताना. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर फोन नसतानाही थोडा करंट खात राहतो, आणि त्यावर निळे आकडे दाखवणारा व्होल्टमीटर असेल तर जास्त. असा चार्जर 20 मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर गेला. शंभर सीसीच्या गाडीची 3 अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात झोपते. तुमची 8 ची असेल तर पंधरा दिवस, पण स्टार्टर त्याआधीच कुरकुरायला लागतो. लोक बॅटरीला दोष देऊन नवी टाकतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतात.

उपाय सरळ आहे. चार्जरला वीज चावी फिरवल्यावरच मिळाली पाहिजे. बऱ्याच नव्या गाड्यांत हेडलाइटच्या मागं किंवा सीटखाली कंपनीनं जादा उपकरणांसाठी कप्लर, म्हणजे वायर जोडायचं तयार सॉकेट, दिलेला असतो. असेल तर तिथूनच घ्या, रिलेची, म्हणजे थोड्या करंटवर चालू-बंद होणाऱ्या स्विचची, गरज नाही. नसेल तर चार पायांचा साधा 12 व्होल्टचा रिले लावायचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर काढली की एका वितीच्या आत फ्यूज, 3 अँपिअरचा. तिथून रिलेच्या 30 नंबर पायाला. 87 वरून चार्जरला. 85 ला अर्थ, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू. 86 ला चावीनंतर जिवंत होणारी एखादी वायर, उदाहरणार्थ पार्किंग किंवा टेललाइटची. 86 ला फक्त रिलेची कॉइल चालवण्यापुरता, दीड-दोनशे मिलिअँपिअर करंट जातो, त्यामुळं मूळ वायरिंगवर ताण येत नाही. फ्यूज बॅटरीजवळच का, तर वायर कुठं घासून फ्रेमला लागली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा बेवारस असतो. तो जेवढा लहान तेवढं बरं. चार्जरजवळ फ्यूज लावून बाकी मीटरभर वायर उघडी सोडलेली गाडी मी परत खोलतो.

एप्रिल 2020 नंतरची बीएस 6 गाडी असेल तर मूळ हार्नेसमधली, म्हणजे कंपनीच्या वायरींच्या जुडग्यातली, वायर सोलून जोड मारू देऊ नका. सेन्सरच्या आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) वायरी तिथूनच जातात, आणि वॉरंटीत गाडी असेल तर शोरूमवाल्याला तेवढंच निमित्त पुरतं. जोड द्यायचाच तर टेललाइटच्या कप्लरवर नर-मादी कप्लर मध्ये घालून द्यावा, हवा तेव्हा काढता येतो. वायर तांब्याची, गाडीच्या कामाची, 0.75 किंवा 1 चौरस मिलिमीटरची. घरगुती वायरचं वेष्टण इंजिनाच्या उष्णतेनं कडक होऊन तडकतं. जोडावर क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेली टोपी, आणि वर गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक स्लीव्ह. नुसती काळी टेप पहिल्या उन्हाळ्यात चिकट होते आणि सरकते. वायर मूळ हार्नेससोबत टाकीखालून न्यायची, सायलेन्सर आणि सिलिंडर हेडपासून लांब. स्टिअरिंगपाशी ढील ठेवायची. हँडल वळवताना वायर ताणली जात असेल तर महिन्या-दोन महिन्यांत आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. केबल टाय घट्ट आवळून वायरचा गळा दाबू नका.

पावसाकडं येऊ. कणकुंबी आणि आंबोली इथला पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. चार्जर झाकणवाला, तोंड खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ देऊन वर घ्या. पाणी झोळावरून ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. फोनचं चार्जिंगचं भोक हे सगळ्यात नाजूक ठिकाण. ओलं असताना चार्ज केलं तर पिना हिरव्या पडतात. भर पावसात केबल काढून टाकावी आणि बॅटरीवर चालवावं, दोन-तीन तास पडदा मंद ठेवून जुना फोनही निघतो. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये आतून धुकं धरतं आणि उन्हाळ्यात फोन शिजतो, म्हणून पाऊच फक्त पावसापुरता. पाण्याचे थेंब पडद्यावर बोटासारखे काम करतात, नकाशा आपोआप मोठा-लहान होतो, रस्ता रद्द होतो. निघण्याआधी रस्ता लावा, पडदा लॉक होईल अशी सोय अ‍ॅपात असेल तर वापरा आणि घाटात आवाजावर चाला.

आवाज आणि कायदा यांचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या बदलानुसार हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं, वापरता येतं. होल्डरवरचा नकाशा चालतो. चालत्या गाडीवर गाव टाइप करणं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद होऊ शकते. कानात बोळे घालून हॉर्न ऐकू न येणं हे तर दंडापेक्षा वाईट. हेल्मेटमधला ब्लूटूथ स्पीकर बेताच्या आवाजात ठेवा.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर एक ध्यानात असू द्या. सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्ता यांच्यात काही मीटरचंच अंतर असतं, जवळपास तेवढीच जीपीएसची चूक असते. त्यामुळं तुम्ही खालच्या रस्त्यावर असताना यंत्र तुम्हाला पुलावर समजतं आणि फाटा निघून गेल्यावर वळायला सांगतं. संकेश्वर किंवा बेळगावात शिरताना पडद्यापेक्षा पाटी वाचा.

पैशांचं म्हणाल तर तुमचे पंधरा हजार खर्चच होणार नाहीत. चांगला होल्डर, खालचा थरथर शोषणारा तुकडा, झाकणवाला चार्जर, रिले, फ्यूज, वायर आणि मजुरी धरून माझ्याकडं चार-साडेचार हजारांत काम बसतं. गाडी आणि होल्डर यांवर थोडं पुढंमागं. घरात जुना फोन नसेल तर उरलेल्या पैशांत वापरलेला एखादा मिळेल. घेताना आकाराच्या मागं लागू नका, पडदा उन्हात दिसतो का हे दुकानाबाहेर उभं राहून बघा.

हे सगळं तुमच्या गाडीला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. गाडीचं मॉडेल आणि वर्ष कळवा, म्हणजे जादा कप्लर आहे का आणि कुठं आहे ते सांगतो. हँडलची जाडी ग्रिपच्या आत, मधल्या भागात व्हर्निअरनं मोजून तीही कळवा. व्हर्निअर नसेल तर दोरा गुंडाळून घेर मोजा आणि 3.14 नं भागा. घेर सात सेंटिमीटरच्या आसपास आला तर 22 चा क्लॅम्प, नऊच्या आसपास आला तर 28.6 चा.